जर-तरचं इंग्रजी आणि तुमच्या पुरवणीतला तक्ता

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

तुमच्या विद्यार्थी पुरवणीत इंग्रजी व्याकरणाच्या कोपऱ्यात परत एकदा कंडिशनल सेंटेन्सचा, म्हणजे जर-तरच्या वाक्यांचा, तक्ता आलाय. टाइप झिरो (नेहमी घडणारं), टाइप वन (पुढे घडू शकणारं), टाइप टू (आत्ता खरं नसलेलं), टाइप थ्री (तेव्हा न घडलेलं), चार रकाने, खाली गाळलेल्या जागा आणि उलट्या अक्षरात उत्तरं, आणि उदाहरणं पण तीच जी माझ्या शाळेत होती, पाणी तापवलं तर उकळतं, मी पक्षी असतो तर उडालो असतो. तक्त्यात चूक काही नाही हे आधीच सांगते, नाहीतर तुमचे तक्ता बनवणारे सर नाराज व्हायचे. पण त्या तक्त्याने पोरं बोलायला लागत नाहीत, आणि का लागत नाहीत ते सांगायला हे पत्र लिहितेय.

मी बार्शीत इंग्रजीच्या शिकवण्या घेते. सकाळी दहावी-बारावी, संध्याकाळी नर्सिंगच्या मुली, एमपीएससी आणि बँकेच्या परीक्षा देणारे, मधेच एखादा दुकानदार ज्याला फक्त फोनवर नीट बोलता यायला पाहिजे असतं. यातल्या बहुतेकांना तुमच्या तक्त्याखालच्या गाळलेल्या जागा भरता येतात. बोर्डाच्या पेपरात इफचं अनलेस करा आलं की डोळे झाकून करतात. आणि त्याच पोराला विचारा, अरे काल आला असतास तर काय झालं असतं, इंग्रजीत सांग, तर तो छताकडे बघतो. कारण त्याला आधी ठरवावं लागतं की हा नंबर टू का नंबर थ्री, मग त्या नंबरचा फॉर्म्युला आठवायचा, मग क्रियापदाचं तिसरं रूप, आणि एवढं होईपर्यंत समोरचा माणूस निघून गेलेला असतो.

आता गंमत बघा, ह्याच पोराने पाचवीपासून मराठीत काय लिहिलंय? मी पक्षी झालो तर, सूर्य उगवला नाही तर, परीक्षा नसत्या तर, आई संपावर गेली तर. कल्पनाप्रधान निबंध म्हणून आपण दरवर्षी पानं पानं जर-तरच लिहून घेतो. वर मराठीच्या तासाला क्रियापदाचे अर्थ शिकवतो, स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ, एमपीएससीवाले तर हे झोपेत पण म्हणतात. संकेतार्थ म्हणजे हेच ना, पाऊस पडला असता तर पीक आलं असतं. मराठीची घंटा होते, मॅडम जातात, इंग्रजीचे सर येतात, फळ्यावर थर्ड कंडिशनल लिहितात आणि दोघांपैकी कोणीच पोराला सांगत नाही की बाबा हे तेच आहे जे तू आत्ता केलंस. २००० साली आपल्याकडे मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं, पाव शतक झालं, तरी ह्या दोन तासांची अजून ओळख नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की सराव मराठीच्या जर-तरपासून सुरू करा. कारण पोरांच्या चुका पण तिथूनच येतात, आणि त्या चुका मूर्खपणाच्या नसतात, त्यांना चांगलं मराठी येतं म्हणून होतात.

साधं वाक्य घ्या. उद्या पाऊस पडला तर मी येणार नाही. उद्याची गोष्ट, पण आपण म्हणतो पडला, भूतकाळी रूप. पोरगं इमानदारीत लिहितं, इफ रेन केम देन आय विल नॉट कम. दुसरं जरा हुशार पोरगं म्हणतं उद्या आहे म्हणजे विल पाहिजे, ते लिहितं इफ इट विल रेन. दोन्हीला लाल रेघ, खाली लिहिलेलं असतं नियम पाठ करा. अरे पण त्याला एकदा सांगा ना की मराठीत आपण अट पुरी झाली असं धरून पडला म्हणतो, इंग्रज तिथे साधा वर्तमानकाळ वापरतो, इफ इट रेन्स, बास. बहुतेकांना एवढ्यात कळतं.

अजून एक. मराठीत बोलताना 'जर' हा शब्द आपण बहुतेक वेळा गाळून टाकतो, 'तर' हा शब्द मात्र गळत नाही. वेळ मिळाला तर येते, झालं. इंग्रजीत बरोबर उलटं, इफ ठेवावाच लागतो आणि देन बहुतेक वेळा लागत नाही. म्हणून आपली पोरं इफ विसरतात आणि देन चिकटवतात. आय गेट टाइम देन आय विल कम. हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता ते मला बरोबरच वाटायला लागलंय.

अनलेसचं पण तसंच. अभ्यास केला नाहीस तर नापास होशील, ह्यातला 'नाही' पोरगं सोडत नाही, मग अनलेस यू डोन्ट स्टडी. त्याला 'नाही तर'मधून नेऊच नका, अभ्यास केल्याशिवाय पास होणार नाहीस ह्या वाक्यावरून न्या, शिवाय म्हणजे अनलेस, आणि 'केल्याशिवाय'मध्ये 'नाही' कुठंय? नाहीये, मग इंग्रजीत पण घालू नको.

पण खरी अडचण ह्या सगळ्यात नाहीये, ती आहे असता-असतीत, आणि तुमचा तक्ता नेमका इथेच गप्प आहे. हे वाक्य बघा, माझ्याकडे पैसे असते तर मी गाडी घेतली असती. हे आत्ताचं आहे का मागच्या दिवाळीचं? दोन्ही होऊ शकतं. मराठीला फरक पडत नाही, कोण कधी बोलतंय त्यावरून ऐकणाऱ्याला कळतं. इंग्रजीत मात्र इथे दोन वाटा फुटतात, आत्ता पैसे नाहीत म्हणून घेत नाहीये तर इफ आय हॅड मनी, आय वुड बाय अ कार, आणि मागच्या दिवाळीला नव्हते तर इफ आय हॅड हॅड मनी, आय वुड हॅव बॉट अ कार. म्हणजे मराठीचा एक कप्पा आणि त्यात इंग्रजीचे टू आणि थ्री असे दोन नंबर. पोराला तुम्ही टाइप टू-टाइप थ्री पाठ करायला लावता पण तो विचार मराठीत करतो आणि मराठीत ते दोन वेगळे नाहीतच, मग तो निवडणार कशावरून? अंदाजपंचे. तुमच्याच तक्त्यातला तो पक्षी घ्या, मी पक्षी असतो तर उडालो असतो, उडालो असतो दिसतंय म्हणून अर्धा वर्ग तिथे वुड हॅव फ्लोन लिहितो, आणि उत्तर असतं वुड फ्लाय.

मी नंबर शिकवायचे सोडून दिलेत. मी वाक्याच्या मागे एक शब्द जोडायला सांगते, आत्ता का तेव्हा. आत्ता म्हणलं तर हॅड आणि वुड, तेव्हा म्हणलं तर दोन्हीकडे एकेक पायरी मागे, हॅड हॅड आणि वुड हॅव. हॅड हॅड ऐकून वर्ग हसतो, हसू द्यावं, लक्षात राहतं.

आणि ह्यातूनच आपली सगळ्यात प्रसिद्ध चूक येते, इफ यू वुड हॅव टोल्ड मी, आय वुड हॅव कम. ऑफिसच्या मेलमध्ये बघा, कॉलेजच्या प्राध्यापकांच्या तोंडी बघा, सगळीकडे आहे. का? तू सांगितलं असतंस तर मी आले असते, मराठीत दोन्हीकडे असतं-असते सारखंच, म्हणून इंग्रजीत दोन्हीकडे वुड हॅव. अमेरिकेत बोलताना बरेच लोक असं बोलतात, त्यामुळे पोरं मला युट्यूब दाखवतात की मॅडम हे बघा गोरा माणूस बोलला. बोलला असेल, पण परीक्षेत तो पेपर तपासायला येणार नाहीये, तिथे इफच्या बाजूला हॅड टोल्डच पाहिजे.

आता सरावाकडे येते. गाळलेल्या जागांनी हात बसतो, तोंड बसत नाही. तोंडासाठी असं काहीतरी पाहिजे की ज्यावर पोराला बोलायचंच आहे, आणि मराठी माणसाला जर-तरवर बोलायला विषय कमी आहेत का हो? पानिपत आहे की. १७६१ ची संक्रांत, आज अडीचशेच्या वर वर्षं झाली तरी आपण चहाच्या टपरीवर थर्ड कंडिशनलच बोलतोय. विश्वासराव पडले नसते तर. भाऊ हत्तीवरून उतरले नसते तर. मी वर्गात हेच घेते आणि साखळी लावते, एकाचं उत्तर संपलं की दुसऱ्याने तिथूनच इफ उचलायचा. इफ विश्वासराव हॅड नॉट बीन किल्ड, भाऊ वुड नॉट हॅव गॉट डाउन फ्रॉम द एलिफंट. पुढचा, इफ भाऊ हॅड नॉट गॉट डाउन फ्रॉम द एलिफंट, द आर्मी वुड नॉट हॅव पॅनिक्ड. पुढचा, इफ द आर्मी हॅड नॉट पॅनिक्ड, आणि इथे वर्गात भांडण सुरू होतं, एक म्हणतो जिंकलो असतो, दुसरा म्हणतो सैन्य उपाशी होतं, रसद तुटलेली, कसले जिंकता. मग मी म्हणते भांडा पण इंग्रजीत भांडा. जो ठाम आहे त्याला वुड हॅव वन, ज्याला खात्री नाही त्याला माइट हॅव वन, जो म्हणतो निदान मागे तरी फिरता आलं असतं त्याला कुड हॅव रिट्रीटेड. वुड, माइट, कुड ह्यांचा फरक असा भांडणात जितका पटकन कळतो तितका तक्त्यात कळत नाही. शेवटी एखादी मुलगी हळूच म्हणते माधवराव अजून जगले असते तर, सत्ताविसाव्या वर्षी गेले ना ते १७७२ ला, आणि मग साखळी परत सुरू. इतिहासाच्या सरांनी माझ्यावर रागावू नये, मी इतिहास शिकवत नाहीये, हॅड नॉट बीन किल्ड शिकवतेय.

ज्यांना पानिपत नको त्यांना क्रिकेट. २०१९ च्या वर्ल्ड कप सेमीफायनलला न्यूझीलंडसमोर धोनी रन आउट झाला आणि आपण १८ रन्सनी हरलो, इफ धोनी हॅड नॉट बीन रन आउट, हे वाक्य अर्धवट सोडा फळ्यावर आणि बाजूला उभे रहा. मागच्या बाकावरचा जो पोरगा वर्षभर तोंड उघडत नाही तो पुरं करतो. किंवा २०११ ची फायनल, गंभीर ९७ वर बोल्ड, इफ ही हॅड स्कोअर्ड थ्री मोअर रन्स, ही वुड हॅव हॅड अ सेंच्युरी. एमपीएससीवाल्यांना राजकारण लागतं, त्यांच्यासाठी १७ एप्रिल १९९९, वाजपेयींचं सरकार २६९ विरुद्ध २७०, एका मतानं पडलं, इफ वन एमपी हॅड व्होटेड द अदर वे, द गव्हर्नमेंट वुड हॅव सर्व्हाइव्ह्ड. ह्याच्यात परत चालू घडामोडी नाही पण राज्यशास्त्राची उजळणी होते म्हणून ती पोरं खूश.

आणि झिरो आणि वनचा फरक, जो पुस्तकात पाणी उकळून आणि बर्फ वितळवून सांगतात, तो आमच्या सोलापूर जिल्ह्यात उजनी धरणावरून सांगावा. आमच्याकडे पाऊस पडून उजनी भरत नाही, ती भरते वरच्या पुणे जिल्ह्यातल्या पावसानं, हे लहान पोराला पण माहिती असतं. इफ इट रेन्स हेविली इन पुणे डिस्ट्रिक्ट, उजनी फिल्स, हे नेहमीचं, दरवर्षीचं, झिरो. इफ इट रेन्स हेविली धिस वीक, उजनी विल कम आउट ऑफ मायनस, हे ह्या आठवड्याचं, वन. (बाहेरच्यांसाठी सांगते, ११७ टीएमसीच्या धरणात निम्म्याहून जास्त मृतसाठा, म्हणजे शून्याच्या खाली मोजलं जाणारं पाणी, आहे म्हणून आमचं धरण मायनसमध्ये जातं, मायनस म्हणजे कोरडं नव्हे.) शेतकऱ्याच्या पोराला फिल्स आणि विलमधला फरक ह्याच्यावरून जो कळतो तो बर्फावरून कळत नाही, बर्फ त्याने रसवंतीत पाहिलाय तेवढाच.

म्हणी तर काय, तयार मालच आहे. असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी, हा अगदी फर्स्ट कंडिशनल. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, हा झिरो. आणि आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं, इफ आत्याबाई हॅड अ मुस्टॅश, वी वुड कॉल हर काका, सेकंड कंडिशनलचं ह्याच्यापेक्षा चांगलं उदाहरण मला कुठल्याच पुस्तकात सापडलं नाही, कारण आत्याबाईला मिशा नाहीत हे सगळ्यांना पक्कं ठाऊक असतं, त्यामुळे हॅड म्हणलं तरी कोणी भूतकाळ समजत नाही. नेमकं हेच तर समजायचं असतं, की इथला हॅड हा कालचा नाही, खोट्या गोष्टीचा आहे. आय वेअर का म्हणतात, आय वॉज का नाही, हे पण त्याच्याच पोटात येतं. जुन्या इंग्रजीत अशा न घडलेल्या गोष्टीसाठी क्रियापदाचं वेगळं रूप होतं, त्यातलं आता वेअर तेवढं उरलंय. बोलताना इफ आय वॉज पण चालतं, फक्त इफ आय वेअर यू मध्ये वेअरच ठेवा, तो सल्ला द्यायचा ठरलेला साचा आहे.

ऐकण्याचं एक राहिलं, ते कुठल्याच पुरवणीत कधी येत नाही. गोरा माणूस इफ आय हॅड नोन, आय वुड हॅव कम असं सुटं सुटं बोलत नाही हो, तो म्हणतो इफ आइड नोन, आइड हव कम. पहिला आइड म्हणजे हॅड, दुसरा आइड म्हणजे वुड, आणि आवाज एकच. माझ्या नर्सिंगच्या मुली परदेशी जायच्या परीक्षेची तयारी करतात, व्याकरणात पैकीच्या पैकी, आणि हेडफोन लावला की हे वाक्य त्यांना ऐकूच येत नाही. उपाय सोपा आहे, आइडच्या पुढचं क्रियापद ऐका, नोन, गॉन असं तिसरं रूप आलं तर तो हॅड, साधं रूप किंवा हव आलं तर तो वुड. पण ह्याचा सराव कानानेच करावा लागतो, छापील कागदावर आइड ऐकू येत नाही.

ह्याच मुलींना खरं तर टू-थ्रीपेक्षा दुसरंच जास्त लागतं. इफ द पेन गेट्स वर्स, प्रेस धिस बटन. इफ यू फील डिझी, डोन्ट गेट अप. इफ द बीपी ड्रॉप्स, कॉल द डॉक्टर. एका बाजूला इफ, दुसऱ्या बाजूला आज्ञार्थ, वॉर्डात दिवसभर हेच चालतं, आणि तुमच्या चार रकान्यांत ह्याला रकानाच नाही. अजून अशी पुष्कळ आहेत जी चारमध्ये बसत नाहीत, इफ ही हॅज लेफ्ट, ही मस्ट बी ऑन द बस, हे कुठल्या नंबरचं? कुठल्याच नाही, आणि एकदम शुद्ध आहे. पोरं मला विचारतात मॅडम हा टाइप कुठला, मी म्हणते हा बोलायचा टाइप.

वुड यू माइंड इफ आय सॅट हिअर ह्या असल्या अदबीच्या वाक्यांबद्दल पण लिहायचं होतं पण पत्र आधीच लांबलंय. कापलंत तरी चालेल, फक्त पानिपत ठेवा.

तर मागणी अशी आहे. तुमच्याकडे रोज छापून येणाऱ्या बातम्या आहेत, एवढं सरावाचं साहित्य कुठल्या क्लासवाल्याकडे नाही. पुरवणीत तक्त्याच्या जागी त्याच आठवड्याच्या तीन बातम्या घ्या, धरणाची एक, मॅचची एक, बाजारभावाची एक, कांदा नाहीतर तूर, जे चाललं असेल ते. प्रत्येकीखाली मराठीत एक जर-तर वाक्य द्या आणि पोरांना सांगा हे इंग्रजीत मोठ्याने म्हणा, घरी कोणाला तरी ऐकवा. कोणाला लिहायचं असेल तर लिहून तुमच्याकडे पाठवू दे, चांगली वाक्यं छापा. वाक्यं काढायचं काम मी करून देईन, मानधन नको. आणि उत्तरं छापाल तेव्हा उलट्या अक्षरात एकच उत्तर छापू नका, विल आणि मे दोन्ही चालत असतील तर दोन्ही छापा आणि कोणतं कधी ते एका ओळीत मराठीतून लिहा, कारण पोरगं बरोबर लिहूनसुद्धा उत्तर जुळलं नाही म्हणून खोडून टाकतं, हे मी दर आठवड्याला बघते.

कळावे,
इंग्रजीच्या शिकवण्या घेणारी एक वाचक, बार्शी